बार्शी लाइटचा अभियंता आणि आकाशातील शर्यती

भूम, ईट, वाशी, परंडा या पट्ट्यातील व्यापारी घराण्यांना बार्शीची पेठ नवी नाही. येथील भुसार माल पिढ्यान् पिढ्या बैलगाड्यांतून बार्शीच्या आडतीवर गेला. तेथून बार्शी लाइट रेल्वेच्या बुटक्या डब्यांत भरून तो कुर्डुवाडीस आणि पुढे मोठ्या लाइनीने मुंबईस पोहोचला. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चालणारी ती गाडी ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. तिच्या संथ चालीची थट्टाही आठवत असेल. मात्र ही संथ गाडी ज्या अभियंत्याने घातली, त्याचे नाव त्या काळातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत जीवघेण्या खेळाच्या इतिहासातही नोंदलेले आहे, ही गोष्ट आपल्या भागात क्वचितच कोणाच्या ऐकिवात असेल. तो खेळ म्हणजे विमानांच्या शर्यती, आणि तो अभियंता म्हणजे एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

कॅलथ्रॉप यांचा जन्म 1857 सालचा. 1882 मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. बार्शी ही कापसाची व धान्याची मोठी पेठ होती, पण मुख्य लोहमार्ग तिला एकवीस मैलांवरून टाळून गेला होता. सारा माल बैलगाडीने रेल्वेपर्यंत न्यावा लागे आणि पावसाळ्यात तेही कठीण होई. एवढ्या अंतरासाठी मोठा लोहमार्ग घालणे परवडणारे नव्हते. कॅलथ्रॉप यांनी छोट्या मार्गाची योजना आखली, बरीच वर्षे तिचा पाठपुरावा केला, 1895 साली लंडनमध्ये कंपनी नोंदविली आणि 1897 मध्ये गाडी सुरू केली.

त्यांच्या योजनेचे मर्म भाराच्या हिशेबात होते. इंजिन असो की मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, आणि सर्व आसांवर तो सारखा वाटला गेला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे यार्डाला केवळ तीस पौंड वजनाचा हलका, स्वस्त रूळही पुरेसा ठरला. डबे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे केले. स्वतःचे वजन कमी आणि वाहून नेण्याची क्षमता अधिक, असा त्यांचा गुण होता. इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्यात घडविली गेली आणि जहाजावर चढण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ घालून त्यांची चाचणी झाली. आधी पारखावे, मग पाठवावे, असा हा स्वभाव होता. पुढे लोहमार्ग येडशी, ढोकी, मुरूडवरून 1911 मध्ये लातूरला पोहोचला. निजामाच्या राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याच्या व्यापाराला त्याने बाहेरचे दार उघडून दिले.

अशा तोलूनमापून वागणाऱ्या गृहस्थाचा विमानांच्या शर्यतींशी संबंध कसा आला, हे समजण्यासाठी त्या शर्यतींकडे वळावे लागते.

राइट बंधूंनी 1903 साली पहिले उड्डाण केले, तरी पुढील पाच-सहा वर्षे विमान हे बहुतेकांच्या दृष्टीने एक खुळ होते. त्याला लोकांसमोर आणले ते बक्षिसांनी. लंडनच्या ‘डेली मेल’ने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्यास 1,000 पौंड देऊ केले. तेव्हाच्या दराने ते 15,000 रुपये होत. 25 जुलै 1909 रोजी लुई ब्लेरिओ या फ्रेंच गृहस्थाने सुमारे 37 मिनिटांत खाडी ओलांडून ती रक्कम मिळविली. वृत्तपत्राचा खप वाढला आणि ब्लेरिओच्या कारखान्याकडे विमानांच्या मागण्या सुरू झाल्या. देणारा व घेणारा दोघेही नफ्यात राहिले.

त्याच वर्षी 22 ते 29 ऑगस्ट या आठवड्यात फ्रान्समधील रँस येथे जगातील पहिला मोठा विमान-मेळावा भरला. त्याचा खर्च प्रामुख्याने त्या गावच्या शँपेन मद्याच्या कारखानदारांनी उचलला होता. मैदानावर खांब रोवून दहा किलोमीटरचा फेरा आखला होता आणि वैमानिकाने खांबाला वळसा घालून फेरा पूर्ण करायचा होता. जो खांबाच्या जितका जवळून वळे, त्याचा तितका वेळ वाचे. आणि जितके वळण आखूड, तितके विमान एका पंखावर कलून घसरण्याचे भय अधिक. मुख्य स्पर्धा गॉर्डन बेनेट चषकाची होती. बेनेट हेही वृत्तपत्राचेच मालक होते. वीस किलोमीटरच्या त्या शर्यतीत अमेरिकेच्या ग्लेन कर्टिस यांनी ब्लेरिओला सहा सेकंदांहूनही कमी फरकाने हरविले. सरासरी वेग ताशी सुमारे 75 किलोमीटर होता. आज ईट-बार्शी रस्त्यावर धावणारी मोटारसुद्धा मोकळ्या टप्प्यात तेवढा वेग गाठते.

कर्टिस यांची एक गोष्ट व्यापाऱ्यांना विशेष पटेल. त्यांनी एकच विमान आणले होते. इतर वैमानिक रोज छोट्या-मोठ्या बक्षिसांसाठी उडत आणि विमाने मोडून घेत असताना त्यांनी बहुतेक स्पर्धांकडे पाठ फिरविली आणि आपले एकुलते भांडवल मुख्य दिवसासाठी राखून ठेवले. शेवटच्या दिवशी ब्लेरिओचे विमान कोसळून पेटले, पण तो वाचला. इतरांचे नशीब तसे नव्हते. रँसच्या आकाशात लोकांनी ज्यांना डोक्यावर घेतले, त्यांपैकी लफेव्र सप्टेंबरच्या 7 तारखेस, कॅप्टन फेर्बर 22 तारखेस आणि डेलाग्रांज पुढच्या जानेवारीत अपघातात मरण पावले. मेळाव्याला अजून पाच महिनेही पुरे झाले नव्हते.

त्या विमानांचा सांगाडा लाकडाचा, आवरण कापडाचे आणि ताण तारांचा असे. वैमानिक उघड्यावर बसे. इंजिन केव्हा बंद पडेल याचा नेम नसे. वरून सुटका करून घेण्याचे साधन कोणाजवळही नव्हते. तसे पाहता हवाई छत्री ही काही नवी वस्तू नव्हती. गार्नरँ या फ्रेंच साहसवीराने 1797 सालीच बलूनमधून छत्रीने उडी घेतली होती, आणि बलूनचे खेळ करणारे लोक ती सर्रास वापरीत. तरीही विमानासाठी तिचा गंभीरपणे विचार फारच थोड्यांनी केला होता.

चार्ल्स रोल्स हे नाव रोल्स-रॉइस मोटारींमुळे सर्वांना माहीत आहे. ते कॅलथ्रॉप यांचे स्नेही होते. 2 जून 1910 रोजी त्यांनी इंग्लिश खाडी न थांबता जाऊन-येऊन ओलांडली आणि ते इंग्लंडचे लाडके झाले. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तोच 12 जुलै रोजी बोर्नमथ येथील मेळाव्यात ते नेमलेल्या जागेवर विमान उतरविण्याच्या स्पर्धेत उतरले. त्यांच्या राइट बनावटीच्या विमानाला नुकतीच नवी शेपटी जोडली होती. ती ऐन उतरतीत मोडली आणि प्रेक्षकांच्या देखत विमान जमिनीवर आदळले. रोल्स यांचे वय 32 होते. विमान-अपघातात प्राण गमावलेले ते पहिले ब्रिटिश वैमानिक.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रोल्स इतक्या खालून कोसळले की त्यांच्यापाशी छत्री असती तरी ती उघडायला अवसर मिळाला नसता. मित्राच्या मृत्यूने कॅलथ्रॉप यांना उत्तर दिले नाही, प्रश्न दिला. ज्या यंत्रात माणूस बसतो, ते मोडल्यावर त्या माणसाचे काय, हा तो प्रश्न. रुळावर भार कसा वाटावा याचा हिशेब मांडणारा अभियंता आता पडत्या माणसाच्या भाराचा हिशेब मांडू लागला. 1913 साली त्यांनी आपल्या छत्रीचे पेटंट घेतले. पुढील सुधारित छत्रीला त्यांनी ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखा देवदूत, असे नाव दिले.

तिची रचना अशी होती. रेशमी छत्री एका डब्यात घडी करून विमानाच्या अंगालाच बांधलेली असे. वैमानिकाच्या अंगावर केवळ पट्टे असत आणि ते दोरीने छत्रीला जोडलेले असत. त्याने उडी टाकली की त्याच्याच वजनाने छत्री डब्यातून ओढली जाई आणि उघडे. घाबरलेल्या माणसाला काही ओढण्याची, मोजण्याची गरज नव्हती. फारशा उंचीवर नसतानाही ती वेळेत उघडावी, यावर त्यांनी सर्वांत अधिक मेहनत घेतली. उणीवही होती. विमान गरगर फिरत कोसळत असेल, तर विमानाला बांधलेली छत्री त्यातच गुंतण्याचे भय होते.

पहिले महायुद्ध सुरू होताच शर्यतींचे वैमानिक आणि शर्यतींची विमाने युद्धावर गेली. कॅलथ्रॉप यांनी आपली छत्री सैन्याला देऊ केली. 13 जानेवारी 1917 रोजी ऑर्फर्ड नेस येथे कॅप्टन क्लाइव्ह कोलेट या न्यूझीलंडच्या वैमानिकाने सुमारे 600 फूट उंचीवरील विमानातून तिच्यासह उडी घेतली आणि ते सुखरूप उतरले. मेजर ऑर्ड-लीस यांनी तर लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारून दाखविली. पुलाची उंची 150 फुटांच्या आसपास होती आणि छत्री तेवढ्यातही उघडली.

इतके होऊनही ब्रिटिश वैमानिकांना ती मिळाली नाही. जमिनीला दोरांनी बांधलेल्या टेहळणी बलूनमधील सैनिकांना छत्र्या होत्या, विमानातील सैनिकांना नव्हत्या. नकाराची काही कारणे खरी होती. छत्रीचे वजन विमानाची चढण्याची शक्ती कमी करी. आसनाजवळ जागा नसे. डबा बाहेर बांधल्याने वेग घटे. परंतु वरिष्ठांमध्ये आणखी एक विचार होता, आणि तो अधिक बोचणारा आहे. हाताशी छत्री असली तर वैमानिक लढण्याऐवजी विमान सोडून देईल, त्याची लढाऊ वृत्ती मंदावेल, अशी शंका घेतली गेली. शेकडो तरुण पेटत्या विमानांत बसून जमिनीकडे गेले. बँकेत कर्जदाराने विमा उतरविला म्हणून तो गोदामाला आग लावील, असे गृहीत धरून विमाच नाकारण्यासारखे हे होते. जर्मनीने 1918 मध्ये आपल्या वैमानिकांना छत्र्या दिल्या. त्यांचा नामवंत वैमानिक अर्न्स्ट उडेट त्या वर्षीच्या जूनमध्ये छत्रीमुळेच वाचला आणि पुन्हा लढला. लढाऊ वृत्तीबद्दलची शंका तेथेच फिटावयास हवी होती. कॅप्टन कोलेट मात्र डिसेंबर 1917 मध्येच, शत्रूकडून हस्तगत केलेले एक विमान उडवीत असता, अपघातात मरण पावले होते.

ब्रिटिशांनी ‘गार्डियन एंजल’ वापरली ती गुप्तहेर उतरविण्यासाठी. 9 ऑगस्ट 1918 च्या रात्री इटलीच्या आघाडीवर आलेस्सांद्रो तांदुरा या इटालियन हेराला शत्रूच्या मुलखात छत्रीने खाली सोडण्यात आले. माणूस ऐन वेळी कचरेल म्हणून त्याच्या पायाखाली झडप बसविली होती आणि तिचा खटका विमानातील दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती होता. तो अधिकारी म्हणजे विल्यम वेजवुड बेन. हे नाव पुढे हिंदुस्थानशी जोडले गेले. 1929 ते 1931 या काळात ते ब्रिटिश मंत्रिमंडळात भारतमंत्री होते.

युद्ध संपले आणि शर्यती पुन्हा सुरू झाल्या, त्याही अधिक मोठ्या पैशांनिशी. न्यूयॉर्क-पॅरिस उड्डाणासाठीचे 25,000 डॉलर लिंडबर्ग यांनी मे 1927 मध्ये मिळविले. त्याची कीर्ती पाहून अननसाचे व्यापारी जेम्स डोल यांनी कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांपर्यंतची शर्यत जाहीर केली. ऑगस्ट 1927 मध्ये ती झाली. केवळ दोन विमाने पोहोचली. तयारीत, शर्यतीत आणि हरवलेल्यांच्या शोधात मिळून दहा जणांचे प्राण गेले. डोल यांचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. पण बक्षिसाची घाई आणि स्पर्धकांची अपुरी तयारी एकत्र आली की काय घडते, त्याचा हा जमाखर्च आहे. रँसच्या कारखानदारांनी निदान मैदान आखले होते. येथे खाली महासागर होता.

ब्रिटिश हवाईदलाने 1920 नंतरच्या दशकात अखेर छत्र्या स्वीकारल्या, त्या मात्र अमेरिकेतील अर्विन यांच्या. ती छत्री वैमानिकाच्या अंगावरच असे आणि विमानापासून दूर गेल्यावर त्याने स्वतः दोरी ओढून उघडायची असे. सुटकेच्या दृष्टीने ती रचना सरस होती हे मान्य करावे लागते. कॅलथ्रॉप 1927 साली निवर्तले. त्याच वर्षी बार्शी लाइटची लाइन मिरजेपर्यंत पोहोचली.

आता हिंदुस्थानातील शर्यतीकडे येऊ. आगाखान यांनी 1929 च्या अखेरीस 500 पौंडांचे बक्षीस लावले. इंग्लंड ते हिंदुस्थान, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयास ते मिळणार होते. प्रवास महिन्याच्या आत पुरा व्हावा अशी अट होती. एक शिलिंग सहा पेन्सच्या तेव्हाच्या दराने ही रक्कम 6,666 रुपयांच्या जवळपास भरते. रिंगणात तिघे आले. रावळपिंडीचे मनमोहन सिंग यांनी आपल्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’ ठेवले होते. कराचीचा अस्पी इंजिनियर सतरा वर्षांचा होता. मुंबईचे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा पंचवीस वर्षांचे होते. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना फेब्रुवारी 1929 मध्ये मिळाला होता. जे. आर. डीं.चे बालपण फ्रान्समध्ये गेले. समुद्रकाठी त्यांच्या घराशेजारीच ब्लेरिओचे घर होते, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अस्पी 25 एप्रिल 1930 रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनहून पूर्वेकडे निघाला आणि जे. आर. डी. 3 मे रोजी कराचीहून पश्चिमेकडे. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची, उघड्या आसनाची, सुमारे शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाची. बिनतारी यंत्र नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खालचा किनारा हेच सोबती. त्या आठवड्यात हिंदुस्थान वेगळ्याच वादळात होता. 5 मे रोजी गांधीजींना अटक झाली, 8 मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, काही दिवस त्या शहरातून इंग्रजी अंमल नाहीसा झाला आणि 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या खुर्चीवर होते तेच वेजवुड बेन, ज्यांनी बारा वर्षांपूर्वी त्या झडपेचा खटका ओढला होता.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर विमानतळावर जे. आर. डी. उतरले, तेव्हा त्यांना तेथे दुसरे मॉथ उभे दिसले. अस्पी अडकून पडला होता. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जे. आर. डीं.कडे होते. त्यांनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. दोघे आपापल्या दिशेने निघाले. 11 मे रोजी अस्पी कराचीस पोहोचला आणि थोड्याच अंतराने बक्षीस त्याचे झाले. मनमोहन सिंग यांनीही प्रवास पुरा केला, पण त्यांची महिन्याची मुदत थोडक्यात हुकली. धंद्यात स्पर्धकाची गाडी वाटेत मोडली तर बाजारभाव आपल्या हाती येतो, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. जे. आर. डी. तर टाटांच्या पेढीत वाढलेले होते. तरीही त्यांनी पेटी उघडली. या यशाचा अस्पीला हवाईदलात प्रवेश मिळण्यास उपयोग झाला आणि आपण हरलो याचा आनंदच आहे, असे जे. आर. डी. पुढे आवर्जून सांगत.

त्यांनी स्वतः शर्यतीचा नाद फार काळ ठेवला नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी ते कराचीहून पुस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. येथे सेकंदांची चढाओढ नव्हती. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी थैली पोहोचली पाहिजे, एवढेच होते. पहिल्या वर्षी या सेवेला 60,000 रुपये नफा झाला. खांबाला वळसा घालून टाळ्या मिळविण्यापेक्षा दररोज वेळ पाळणे अधिक अवघड असते, हे आपल्या बार्शी लाइटच्या स्टेशन मास्तरांनीही मान्य केले असते.

मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात हवाईदलात गेले आणि 3 मार्च 1942 रोजी ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथील जपानी हल्ल्यात मरण पावले. जे. आर. डीं.नी 1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, कराची-मुंबई उड्डाण छोट्या विमानातून पुन्हा केले. अस्पी इंजिनियर 1 डिसेंबर 1960 रोजी भारतीय हवाईदलाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखालच्या हंटर लढाऊ विमानांत वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकून छत्रीच्या हवाली करणारी योजना बसविलेली होती. तेथे स्फोटक काडतूस ते काम करी. दाबलेल्या हवेच्या जोराने हेच साधण्याच्या कल्पनेचे पेटंट बार्शी लाइटच्या कॅलथ्रॉप यांनी 1916 सालीच घेऊन ठेवले होते.